गुरुवारचा सातवा हो

१

रविवारी दुपारी साडेबाराला आमच्या घरातली घरफोडी उघडकीला आली. गेलं काहीच नव्हतं. उलट नको ते माणूस आत आलं होतं, आणि त्याला दार आतूनच कुणीतरी उघडलं होतं.

मी चन्नम्मा. सोलापुरात भवानी पेठेत आमचं घर, आणि घराच्या पुढच्या खोलीत कडक भाकरीचा न् शेंगाच्या चटणीचा धंदा. माझ्या हातची भाकरी महिनाभर कुरकुरीत राहते. राहिली नाही तर परत आणा म्हणते, अजून कुणी आणली नाही. शाळा माझी दुसरीपर्यंत. मराठी अक्षर जुळवून जुळवून वाचते, इंग्रजीच्या वाटेला जात नाही. माणूस मात्र बघता बघता वाचते. नवरा गुरुबसप्पा वाचून संपला, मुलगा मल्लिनाथही संपला. सून दानेश्वरी अजून चालू आहे.

नात सृष्टी, बारा वर्षांची, सातवीत. शाळेचा अभ्यास फोनवर येतो म्हणून तिला फोन द्यावा लागला. मल्लिनाथनं त्याला कुलूप लावून घेतलं. कुलूप म्हणजे फोनच्या आतलं. काय उघडायचं, किती वेळ बघायचं, सगळं बापाच्या हातात. पोरीला नवीन काही पाहिजे असेल तर तिनं फोनवरूनच मागायचं, बापाला त्याची चिठ्ठी जाते, बापानं हो किंवा नाही दाबायचं. मी पहिल्यांदा म्हटलं होतं, पोरगी काय तिजोरी हाय काय रे कुलूप घालायला. पण पेपरात काय काय छापून येतं ते हे मोठ्यानं वाचतात. चार दिवस ऐकलं आणि गप्प बसले.

तर रविवारी मल्लिनाथनं सहज तिचा फोन हातात घेतला. त्यात एक गेम होता. हाच गेम तिनं दोन वेळा मागितला होता आणि दोन्ही वेळा त्यानं नाही म्हटलं होतं, कारण त्यात खेळता खेळता अनोळखी माणसं बोलायला येतात. आणि आलेलंच होतं एक. नाव परीदीदी, वय चौदा, असं तिनं स्वतःच लिहिलेलं. मल्लिनाथनं दोन ओळी मोठ्यानं वाचल्या. शाळेच्या ड्रेसमधला फोटो पाठव ना. घरी दाखवू नको, मोठ्या माणसांना आपलं कळत नाही.

दानेश्वरी चुलीवरचं तसंच सोडून आली.

सृष्टी म्हणाली, "मी विचारलं होतं. बाबांनीच हो म्हटलं."

"मी?" मल्लिनाथ म्हणाला, आणि पोरीच्या गालावर मारली. चोरून माझा फोन घेतलास, वर खोटं बोलतेस, असं बरंच काही बोलला. रागाच्या भरात तो गेम बंद केला, फोन कपाटात टाकला. मीसुद्धा मागं राहिले नाही. बापाच्या फोनला हात लावलास की न्हाय एवढं सांग, असं दोनदा विचारलं.

पोरीनं माझ्याकडं बघितलं, आणि तोंड मिटलं ते मिटलंच.

संध्याकाळी दानेश्वरीच्या भावाला, शिवपुत्रला फोन लावला. त्याचं मंद्रूपला मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे आणि ते कुलूप त्यानंच बसवलेलं. तो म्हणाला, गेम परत उघडता येईल, पण आतलं बोलणं सृष्टीच्या स्वतःच्या पासवर्डशिवाय दिसणार नाही. तिनं त्या बाईला काय पाठवलं, घर सांगितलं का, शाळा सांगितली का, फोटो गेला का, हे जगात दोघांनाच माहीत. एक ती बाई, दुसरी आमची सृष्टी.

आणि आमची सृष्टी बोलत नव्हती.

२

सोमवारी शिवपुत्र मोटारसायकल घेऊन आला आणि पोरीच्या फोनमधली नोंद काढली. परवानगी गुरुवारी सकाळी सहा वाजून बेचाळीस मिनिटांनी दिलेली होती, आणि दिलेली होती मल्लिनाथच्याच नावानं.

मल्लिनाथ म्हणाला, सहा बेचाळीसला मी न्हाणीत होतो. फोन बाहेर चार्जिंगला. म्हणजे पोरीनं उचलला, दाबलं, ठेवला. अजून काय पुरावा पाहिजे?

त्याला एवढ्यावर फाशी द्यायची घाई झाली होती. मी भाकऱ्या बाजूला ठेवल्या आणि म्हटलं, आता मी बघते. पोरगी खोटी असली तर खोटी म्हणून कळू दे. पण खरी असली आणि आपण तिला चोर म्हटलं असलं, तर ती आतलं एक अक्षर सांगणार नाही, आणि त्या परीदीदीला तेच पाहिजे हाय.

पहिलं घेतलं मल्लिनाथला. तुझा फोन उघडतो कसा, विचारलं. म्हणाला, माझ्या बोटानं. नाहीतर आकड्यानं, आणि आकडा दर महिन्याला बदलतो, बायकोलाही माहीत नाही. हे सांगताना त्याला त्याचा अभिमान वाटत होता. मग म्हटलं, तुझं बोट न्हाणीत होतं, आकडा तुझ्या डोक्यात होता, तर पोरीनं तो उघडला कशानं? तो म्हणाला, हल्लीच्या पोरांना सगळं येतं. माणसाला उत्तर नसलं की तो हल्लीच्या पोरांवर जातो.

मग शिवपुत्र. कुलूप बसवणाऱ्यानं जादा चावी ठेवली नसेल कशावरून? भाचीनं मामाला लाडानं मागितलं असेल, यानं दिलं असेल. त्याला चहा दिला आणि सरळ विचारलं. तो चिडला नाही. म्हणाला, माझी चावी असती तर नोंदीत माझं नाव उमटलं असतं, दाजींचं नाही. आणि सहा बेचाळीसला मी जागाच नसतो, ते तुम्हाला आमची आई सांगेल. त्याच्या आईनं माझ्यापुढं ह्याच गोष्टीची कितीदा तक्रार केली आहे, म्हणून त्याला सोडलं.

राहिली दानेश्वरी. ती परातीशी होती, कोपरापर्यंत पीठ. आईचं काळीज म्हणून कधी पोरीला दिलं असशील तर सांग, मी मल्लिनाथला सांभाळून घेते, असं मी तिला हळू म्हटलं. तिनं पीठ मळायचं थांबवलं.

"आत्या, मला हो म्हणता येतच न्हाई. ते सगळं तुमच्या मुलाच्या एकट्याच्या नावावर हाय. माझ्या पोरीला हो म्हणायचं काय न् न्हाई म्हणायचं काय, मला कुणी विचारलंय कधी?"

दुखणं खरं होतं. पण गप्प बसायची मला सवय नाही. मी म्हटलं, मग गुरुवारी सकाळी पोरगी काय करते हे तरी बघायचं होतंस. तर ती म्हणाली, बघायला सवड कुठं होती? तुम्ही सकाळपासून सात ऑर्डरी, सात ऑर्डरी म्हणून माझ्या डोक्यावर बसला होता, आणि फोनमध्ये होत्या सहाच.

ते खरं होतं. गुरुवारी आमचं वाजलं होतं. ऑर्डरीचा फोन माझ्याजवळ असतो, पिठाच्या डब्याच्या झाकणावर. ऑर्डर आली की वर एक पट्टी येते, सगळी इंग्रजीत, खाली दोन शब्द. निळा दाबला की घेतली, करडा दाबला की नाही. मी दाबते आणि चुलीमागच्या भिंतीवर खडूनं रेघ मारते. कुणाची, किती, ते दानेश्वरी हात धुऊन मग वाचते. त्या दिवशी माझ्या रेघा सात होत्या आणि तिनं वाचल्या सहा. मी म्हटलं तू एक पुसलीस. ती म्हणाली, आत्या, तुमचीच रेघ जास्त हाय. माझी रेघ आजवर चुकली नाही, म्हणून मी तिला दिवसभर बोलले, आणि अंदाजानं पंचवीस भाकऱ्या त्या सातव्या गिऱ्हाइकासाठी बांधून ठेवल्या. ते आलं नाही.

पण आता ते भांडण काढायची वेळ नव्हती. मी उठले. घरात एकच माणूस विचारायचं राहिलं होतं, आणि ते सहा बेचाळीसला बोलूच शकत नव्हतं.

३

आमचे हे पहाटे अंघोळ करून इष्टलिंगाच्या पूजेला बसतात. डाव्या तळहातावर लिंग, नजर त्याच्यावर, आणि सात वाजेपर्यंत घराला आग लागली तरी शब्द काढत नाहीत. एकदा खरोखर शेजारच्या गिरणीत आग लागली होती. तेव्हाही यांनी पूजा उरकली आणि मग विचारलं, धूर कसला.

म्हणून गुन्हेगार म्हणून ते माझ्या कामाचे नव्हते. पण पूजेची जागा जिन्याच्या तोंडाशी. वर जाणारा येणारा कान उघडे ठेवणाऱ्या माणसाला कळतो.

मी विचारलं, गुरुवारी पोरगी कुठं होती.

ते म्हणाले, वरच. माझी पूजा होईपर्यंत खाली उतरली न्हाई. मल्लिनाथचा फोन तर हितं, माझ्या समोरच्या फळीवर लागलेला असतोय. कुणी हात लावला असता तर मला दिसलं असतं.

मग कालपासून तोंड का शिवून बसला होता, विचारलं. म्हणाले, मला कुणी विचारलंच न्हाई. चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात त्यांचं हे वाक्य मी पोत्यानं मोजलं असेल.

पण त्यांनी पुढं आणखी एक सांगितलं आणि माझा राग उतरला. पूजा संपून ते डोळे पुसत होते, तेवढ्यात सृष्टी दोन दोन पायऱ्या उड्या मारत खाली आली, त्यांच्या पाया पडली, न् म्हणाली, आजोबा, बाबा हो म्हणाले. कशाला, ते यांनी विचारलं नाही. पोरगी खूश हाय, विभूती लावली कपाळाला, संपलं.

मी तिथंच पायरीवर बसले. चोरी करणारं पोर घरातल्या म्हाताऱ्याला आपण होऊन, कुणी काही विचारलेलं नसताना, आनंदानं सांगायला येत नाही. पोरगी खरी होती. तिनं मागितलं होतं, आणि तिला हो आलं होतं.

मग तो हो कुणाचा? बापाच्या फोनला कुणी शिवलं नव्हतं. शिवलं असतं तरी तो उघडला नसता. आणि तरीही हो बापाच्या नावानं गेला होता.

पोरगी वरच्या खोलीत भिंतीकडं तोंड करून निजली होती. ताटातली भाकरी तशीच. मी तिच्या पायावर हात ठेवला. तिनं पाय काढून घेतला. मारल्यापेक्षा ते जास्त लागलं.

४

मंगळवारी सकाळी तवा तापत होता आणि मी एकच गोष्ट उलटून पालटून बघत होते. त्या पोरीनं तीन वेळा मागितलं. दोन वेळा संध्याकाळी, दोन्ही वेळा नाही. तिसऱ्या वेळेला सकाळी, सातच्या आत, आणि लगेच हो. माणूस तोच, मागणं तेच, तर सकाळी त्याचं उत्तर फिरलं कशानं? फिरलं नसेल तर माणूसच दुसरा. आमच्या घरात सकाळी सातच्या आत, काय आहे ते न बघता, कुणालाही हो म्हणणारं माणूस कोण?

तेवढ्यात पिठाच्या डब्यावरचा फोन वाजला. पहिली पट्टी आली. माझं बोट सवयीनं निळ्यावर गेलं.

आणि हवेतच थांबलं.

बोहनी. दिवसाचं पहिलं गिऱ्हाईक आम्ही परत पाठवत नाही. माझ्या सासूनं मला शिकवलं, तिला तिच्या सासूनं. पहिला आला त्याला नाही म्हटलं की दिवस रिकामा जातो. दिवसभर आलेल्या ऑर्डरी मी दानेश्वरीला ओरडून विचारते, घेऊ का, होतील का. पहिली कधीच विचारत नाही. पट्टी आली, निळं दाबलं, रेघ मारली, कपाळाला हात लावला.

मी शिवपुत्रला हाक मारली. तो मुक्कामालाच होता. म्हटलं, हा ऑर्डरीचा फोन पहिला कुणाचा होता?

तो म्हणाला, दाजींचा जुना. त्यांनी नवीन घेतला तेव्हा हा धंद्याला दिला.

यातनं मल्लिनाथचं नाव काढलं होतंस?

ऑर्डरी त्यांच्याच नावावर येतात म्हणून तसंच ठेवलं, तो म्हणाला. मग एकदम उठला. मी त्याला म्हटलं, पोरीचा फोन कपाटातनं काढ आणि त्याच्यातनं काहीतरी माग. काही बी माग.

त्यानं दाबलं. फळीवर मल्लिनाथचा नवीन फोन वाजला. आणि त्याच श्वासात पिठाच्या डब्यावर माझा वाजला. वर पट्टी, खाली दोन शब्द, त्यातला एक निळा.

सगळी स्वयंपाकघरात येऊन उभी राहिली होती. मी खडू उचलला नाही. माझी चूक लपवायची असती तर तेव्हाही लपवता आली असती, शिवपुत्र सोडून कुणाला अजून नीट उमगलं नव्हतं. पण वरच्या खोलीत ती पोरगी रविवारपासून जेवली नव्हती.

"गुरुवारची सातवी ऑर्डर सृष्टीची होती. रेघ सातवी, पण आली सगळ्यात पहिली, मी न बघता घेतली," मी म्हटलं. "पोरगी खरी बोलत होती. दानेश्वरी, तू बी. सहाच होत्या."

मल्लिनाथ म्हणाला, मग माझ्या फोनवर काही कसं नाही आलं? शिवपुत्रनं सांगितलं, आलं असणार. एकानं उत्तर दिलं की दुसरीकडची पट्टी आपोआप जाते. त्या दोन संध्याकाळी तुम्ही आधी दाबलंत म्हणून इकडची गेली, गुरुवारी तुम्ही न्हाणीतनं यायच्या आत तुमची गेली.

मल्लिनाथ स्वतःच्या उजव्या हाताकडं बघत होता. त्याच्या हातानं त्याला पुरेसं सांगितलं असेल. दानेश्वरीनं पदरानं तोंड पुसलं, पीठ गालाला लागलं, आणि ती जिन्याकडं निघाली. मी तिला थांबवलं.

"पहिलं मला जाऊ दे. हो मी म्हटलंय."

५

गुडघ्यांनी मला अठरा पायऱ्यांचा हिशेब दाखवला. सृष्टी भिंतीकडं तोंड करूनच होती. फोन तिच्या उशाशी ठेवला आणि मी खाली फरशीवर बसले. मी पोरांची माफी मागणारी बाई नव्हे.

"सृष्टी, तू मागितलंस आणि तुला हो आला, हे खरं हाय. तो बाबांचा नव्हता. माझा होता."

ती हळूच वळली.

"तुझा? तुला गेम कुठं कळतो?"

"मला वाटलं भाकरीचं गिऱ्हाईक हाय. पंचवीस बांधून ठेवल्या तुझ्यासाठी."

तिला हसू आलं. हसताहसताच तिचं तोंड वाकडं झालं, आणि दोन दिवसांचं सगळं एकदम बाहेर आलं. मी तिला पोटाशी घेतलं. माझ्या हाताचं पीठ तिच्या केसांत गेलं, तिचं नाक माझ्या पदराला. ओरडण्याइतकंच हेही मला येतं, फक्त घरच्यांना फारसं दाखवलेलं नाही.

रडणं ओसरल्यावर मी म्हटलं, आम्ही तुला खोटी म्हटलं, ती आमची चूक. पण त्या बाईचं काय ते आता मला पाहिजे. मला तर इंग्रजी अक्षर वाचता येत न्हाय. तू वाच.

तिनं पासवर्ड टाकला. आणि वाचायला लागली, अगदी हळू, माझ्या कानाशी.

सुरुवातीला सगळं गोड होतं. जेवलीस का. मैत्रीण का रुसली. तू किती हुशार आहेस. मग शाळा कुठली. सृष्टीनं शाळा सांगितली होती. मग क्लास कधी सुटतो. तेही सांगितलं होतं. मग फोटो.

मी विचारलं, पाठवलास?

"एक पाठवला. माझा नाही, आपल्या भाकऱ्या वाळत घातलेल्या असतात ना, त्याचा. ती म्हणाली हा नको, तुझा पाठव. मग मी गप्प बसले."

आणि नंतर?

नंतर रविवार. गेम बंद झाला, पण बाहेरून निरोप येतच राहिले होते. ते तिनंही आताच बघितले. पहिला वाचला. दुसरा वाचला. तिसरा तिनं दोनदा वाचला. बुधवारी मी क्लासच्या बाहेर येते, तुझ्यासाठी गिफ्ट आहे, मैत्रिणींना सोडून एकटी ये. घरी सांगितलंस तर मी कधीच बोलणार नाही.

आज मंगळवार होता.

"आज्जी, ही चौदा वर्षांची नाही ना?"

"न्हाय."

"मला शनिवारीच तसं वाटलं होतं. सांगणार होते. पण मग बाबांनी..." तिनं वाक्य सोडून दिलं. मीही उचललं नाही.

बुधवारी क्लासच्या बाहेर मल्लिनाथ उभा होता आणि त्याच्याबरोबर साध्या कपड्यांतले दोन पोलीस. आलेला माणूस चाळिशीच्या पुढचा होता. पुढचं सगळं ते बघून घेत आहेत, मी त्यात लक्ष घातलं नाही. कुलूप शिवपुत्रनं परत नीट बसवलं. माझ्या फोनमधनं नाव काढलं आणि हो-नाही म्हणायचा हक्क दानेश्वरीलाही दिला. तो मी भांडून घेतला, सुनेच्या बाजूनं, आयुष्यात पहिल्यांदा. कुलूप पाहिजेच, हे मी आता पेठेत कुणालाही सांगते. पण कुलूप लावून माणूस निवांत झोपला की काय होतं, तेही सांगते.

पण मंगळवारी त्या खोलीत यातलं काहीच झालेलं नव्हतं. पोरगी फोनकडं बघत होती. तिच्या समोरच एक नवा निरोप आला. तिनं तो वाचून दाखवला. घरी कुणाला कळलं का?

तिनं मला विचारलं, काय लिहू.

मी म्हटलं, तिकडं काही सांगायचं न्हाय. आपल्या माणसांना सांग.

ती उठली. जिन्याच्या तोंडाशी गेली, कठड्याला धरून खाली वाकली. रविवारपासून त्या घरात तिचा आवाज नव्हता. खाली सगळी जिन्याकडं बघत उभी होती, हे मला वरून बघायची गरज नव्हती.

"आई," तिनं हाक मारली. मग थोडं थांबून, "बाबा, तुम्ही पण या. मला काहीतरी दाखवायचंय."

दोघं एकदमच धावली. अरुंद जिन्यात एकमेकांना आपटत ती वर येत असलेली मला ऐकू आली.